विश्लेषण : ‘पुन्हा’ हा शब्द कोणी जोडला? ॲनाबॅप्टिस्ट, पुनर्बाप्तिस्मा आणि नावातच दिलेला निकाल

एकाच माणसाचा बाप्तिस्मा दोनदा होऊ शकतो का? प्रश्न धर्मशास्त्राच्या वर्गातला वाटतो. पण सोळाव्या शतकातल्या युरोपात याच प्रश्नावरून माणसांना नदीत बुडवले गेले, जिवंत जाळले गेले. ज्यांना ही शिक्षा झाली त्यांना इतिहासाची पुस्तके ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हणतात, म्हणजे ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’. अडचण अशी, की हे नाव त्यांना त्यांच्या विरोधकांनी दिले होते आणि ते त्यांना अजिबात मान्य नव्हते. २०२५ मध्ये या चळवळीला ५०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने हा शब्द समजून घ्यायला हवा. एखाद्या समूहाला आपण कोणत्या नावाने हाक मारतो, यावर किती काही अवलंबून असते, हे या एका शब्दाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

‘ॲनाबॅप्टिस्ट’चा अर्थ काय?

शब्द मूळचा ग्रीक. ‘बाप्टिझो’ म्हणजे बुडवणे, पाण्यात घालणे. मराठी बायबलमधला ‘बाप्तिस्मा’ हा शब्द याच मुळापासून आला. कॅथलिक परंपरेत मराठीत ‘स्नानसंस्कार’ असेही म्हणतात. ‘ॲना’ म्हणजे पुन्हा. दोन्ही जोडले की ‘पुन्हा बाप्तिस्मा’.

या लोकांचे म्हणणे साधे होते. बाप्तिस्मा म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली. आठ दिवसांच्या बाळाला विश्वास म्हणजे काय हे कळत नाही. त्यामुळे बाळाच्या डोक्यावर ओतलेले पाणी हे पाणीच राहते, त्याचा बाप्तिस्मा होत नाही. मोठेपणी स्वतःच्या बुद्धीने घेतलेला बाप्तिस्मा हाच पहिला आणि एकमेव.

आता ‘पुन्हा’ हा शब्द इथे कुठे बसतो? ज्याला लहानपणीचा संस्कार मान्य आहे त्याच्या मोजणीत मोठेपणीचा बाप्तिस्मा दुसरा ठरतो. ज्याला तो मान्य नाही त्याच्या मोजणीत तो पहिलाच. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा पेच लगेच समजेल. एखादी नोंद ‘डुप्लिकेट’ आहे असे म्हणायचे, तर आधीची नोंद वैध आहे हे आधी ठरवावे लागते. ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हणणाऱ्याने ते ठरवून टाकलेले असते. वाद ज्या मुद्द्यावर आहे, त्याचा निकाल नावातच लागलेला असतो.

हे नाव दिले कोणी?

स्वित्झर्लंडमधील झ्युरिक शहरात हुल्ड्रिख झ्विंग्ली हा धर्मसुधारक चर्चमध्ये बदल घडवत होता. त्याच्याच काही तरुण अनुयायांना हे बदल अपुरे वाटले. बायबलमध्ये बालबाप्तिस्म्याचा आदेश कुठे आहे, असे ते विचारू लागले. १७ जानेवारी १५२५ रोजी नगरपरिषदेसमोर या विषयावर जाहीर वाद झाला. परिषदेने झ्विंग्लीच्या बाजूने कौल दिला. ज्या बाळांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांचा आठ दिवसांत करा, नाहीतर शहर सोडा, असा हुकूम निघाला.

या तरुणांचा एक म्होरक्या होता कॉनराड ग्रेबेल. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि तिचा बाप्तिस्मा त्याने करून घेतला नव्हता. म्हणजे हुकूम थेट त्याच्या पाळण्यापर्यंत पोहोचला होता. २१ जानेवारीच्या संध्याकाळी फेलिक्स मान्झच्या घरी ही मंडळी जमली. जॉर्ज ब्लाउरॉक नावाच्या माजी धर्मगुरूने ग्रेबेलला विनंती केली आणि ग्रेबेलने त्याला बाप्तिस्मा दिला. मग ब्लाउरॉकने इतरांना दिला. चळवळीचा जन्म या संध्याकाळी झाला असे मानतात.

त्याच वर्षी झ्विंग्लीने या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकातच बाप्तिस्मा, ‘पुनर्बाप्तिस्मा’ आणि बालबाप्तिस्मा असे तीन शब्द होते. जर्मन भाषेत या लोकांना ‘वीडरटॉयफर’ म्हणू लागले, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे. ते स्वतःला साधेपणाने भाऊ आणि बहिणी म्हणत.

पण एवढ्या पाण्याने सत्ता का घाबरली?

मराठी वाचकाला हे चटकन उमगत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या वाचनातला बाप्तिस्मा बहुतेक वेळा प्रौढ माणसाचा असतो. बाबा पदमनजी (१८५४), पंडिता रमाबाई (१८८३), रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८९५) यांनी जाणत्या वयात निर्णय घेतला आणि त्याची किंमत घरादारात, समाजात मोजली. आपल्याकडे बाप्तिस्मा म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाणे.

सोळाव्या शतकातल्या युरोपात चित्र नेमके उलटे होते. तिथे बाप्तिस्मा प्रत्येकाचा होई, तोही जन्मानंतर काही दिवसांतच. आजचा जन्मदाखला आणि रहिवासी दाखला एकत्र केला तर जे होईल, साधारण ते त्याचे स्वरूप होते. बाळ चर्चचे सदस्य झाले की ते गावाचेही झाले. चर्च आणि राज्य यांची हद्द एकच होती. चर्चमध्ये जन्माने येत नाही, माणूस स्वतः निवड करून येतो, असे कोणी म्हणू लागला तर त्याचा सरळ अर्थ असा होई, की राज्यात चर्चबाहेरची माणसेही असू शकतात. ही कल्पनाच तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

शिवाय यातल्या अनेकांनी आणखी दोन गोष्टींना नकार दिला. मायकेल सॅटलरच्या पुढाकाराने फेब्रुवारी १५२७ मध्ये श्लाइटहाइम येथे सात कलमांचा जाहीरनामा तयार झाला. त्यात शस्त्र न धरणे आणि शपथ न घेणे ही कलमे होती. त्या काळी शहराचे नागरिकत्व शपथेवर चाले आणि संरक्षण नागरिकांच्या शस्त्रांवर. म्हणजे वाद पाण्याचा दिसत असला, तरी पणाला राज्याचा पाया लागला होता.

शिक्षा काय होती?

मार्च १५२६ मध्ये झ्युरिकच्या परिषदेने पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यास बुडवून मारण्याची शिक्षा जाहीर केली. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला बांधून लिमाट नदीत बुडवण्यात आले. ज्याच्या घरी दोन वर्षांपूर्वी पहिला बाप्तिस्मा झाला, तोच हा मान्झ. पाण्याचा आग्रह धरणाऱ्याला पाण्यानेच मारायचे, असा हा हिशेब होता. विरोधक या शिक्षेला कुत्सितपणे ‘तिसरा बाप्तिस्मा’ म्हणत. सॅटलरला त्याच वर्षी मे महिन्यात जाळण्यात आले. बाल्थाझर हुबमायर या विद्वानाला १५२८ मध्ये व्हिएन्नात जाळले आणि त्याच्या पत्नीला डॅन्यूब नदीत बुडवले.

यानंतर जे घडले ते शब्दाच्या ताकदीचे सर्वात भयंकर उदाहरण आहे. एप्रिल १५२९ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे साम्राज्याची सभा भरली. या सभेत सुधारणावादी राजांनी धर्माच्या बाबतीत बहुमताचा निर्णय मानायला जाहीर नकार दिला. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव त्या निषेधातून आले. त्याच सभेत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही गटांचे एका गोष्टीवर मात्र एकमत झाले. पुनर्बाप्तिस्मा घेणाऱ्या आणि देणाऱ्या, कळत्या वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मृत्युदंड द्यायचा, आणि त्यासाठी धर्मन्यायालयाच्या चौकशीचीही गरज नाही.

हा कायदा नवा नव्हता. पाचव्या शतकात रोमन सम्राटांनी पुनर्बाप्तिस्म्याला मृत्युदंड ठरवला होता आणि तो पुढे जस्टिनियनच्या संहितेत आला. तो उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथाच्या वादातून जन्मला होता. त्या वादाचा बालबाप्तिस्म्याशी संबंध नव्हता. छळाच्या काळात डगमगलेल्या धर्मगुरूंच्या हातचा संस्कार खरा की खोटा, असा तो प्रश्न होता. हजार वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच भांडणातला कायदा झ्युरिक आणि टायरॉलच्या शेतकऱ्यांना, कारागिरांना लागू कसा झाला? कारण त्यांच्यावर ‘पुन्हा’ हे लेबल आधीच लागले होते. लेबल जुळले की कलमही जुळले.

म्युन्स्टरमध्ये काय झाले? हे सगळे निरपराध होते का?

सगळे नव्हते, आणि हे सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. फेब्रुवारी १५३४ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर शहर ॲनाबॅप्टिस्टांच्या एका उग्र गटाच्या हाती गेले. तिथे प्रौढ बाप्तिस्मा घ्या नाहीतर शहराबाहेर व्हा, असा हुकूम निघाला. यान व्हान लायडन हा नेता स्वतःला राजा म्हणवू लागला. बहुपत्नीत्व लादले गेले, विरोधकांना ठार मारले गेले. जून १५३५ मध्ये शहर पडले. जानेवारी १५३६ मध्ये म्होरक्यांना हालहाल करून मारले आणि त्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लँबर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते पिंजरे आजही तिथे आहेत.

बाप्तिस्मा स्वेच्छेनेच व्हायला हवा, असे म्हणत उभ्या राहिलेल्या चळवळीच्या नावाने एका शहरात तो सक्तीचा झाला. पुढे कित्येक पिढ्या ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हटले की लोकांना म्युन्स्टरच आठवे. शस्त्राला हातही न लावणाऱ्यांना त्या नावाची शिक्षा भोगावी लागली. नेदरलँड्समधील मेनो सायमन्स हा कॅथलिक धर्मगुरू १५३६ मध्ये चर्च सोडून या विखुरलेल्या लोकांना अहिंसेच्या मार्गावर एकत्र आणू लागला. त्याचे अनुयायी ते मेनोनाइट. १५६९ मध्ये डिर्क विलेम्स नावाचा असाच एक डच कैदी तुरुंगातून निसटून गोठलेल्या तळ्यावरून पळत होता. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डिर्क मागे फिरला आणि त्याला बाहेर काढले. त्यामुळे तो पुन्हा पकडला गेला आणि जाळला गेला.

अमेरिकेत घोडागाडीतून फिरणारे अमिश हेही याच झाडाची फांदी. ते १६९३ च्या सुमारास वेगळे झाले. बॅप्टिस्ट चर्च मात्र वेगळे आहे. तेही प्रौढ बाप्तिस्मा मानते, पण त्याची सुरुवात सतराव्या शतकातील इंग्रज मंडळींपासून होते. दोन्ही नावांची गल्लत नेहमी होते.

‘एकदाच’ म्हणणाऱ्यांची बाजू काय?

तीही ठाम आहे आणि तिला निव्वळ हट्ट म्हणून उडवून लावता येणार नाही. ‘एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा’ हे बायबलमधील पौलाच्या पत्रातले सूत्र आहे. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्यात कर्ता देव असतो, माणूस नाही. त्याची खूण आत्म्यावर कायमची उमटते. मग घेणाऱ्याचे वय किंवा देणाऱ्याचे चारित्र्य यामुळे तो रद्द कसा होईल? खरोखर शंका असेल, उदाहरणार्थ बाप्तिस्मा झाला की नाही याची नोंदच नसेल, तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसल्यास’ अशी अट उच्चारून संस्कार करण्याची सोय चर्चच्या नियमांत आहे. यात एक मोठा दिलासाही आहे. देवाने धरलेला हात माणसाच्या चुकीने सुटत नाही, असा.

गंमत म्हणजे ‘आम्ही पुन्हा करत नाही, पहिल्यांदाच करतो’ हा युक्तिवादही ॲनाबॅप्टिस्टांचा मूळचा नव्हे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दुसऱ्या पंथातून आलेल्यांना बाप्तिस्मा देताना हेच म्हटले होते. कॅथलिक चर्च त्याला आजही संत मानते. म्हणजे हा वाद जवळजवळ चर्चइतकाच जुना आहे, आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती.

आपला काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जवळचा. मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये छापणारे विल्यम कॅरी लहानपणी इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेले होते. १७८३ मध्ये, बॅप्टिस्ट झाल्यावर, त्यांनी नॉर्थॅम्प्टनच्या नेन नदीत बाप्तिस्मा घेतला. झ्विंग्लीच्या मोजणीत तो दुसरा.

१८१२ मध्ये अमेरिकेतून पाच तरुण मिशनरी भारताकडे निघाले. त्यातले ॲडोनिराम जडसन जहाजावर ग्रीक शब्दांचा अभ्यास करता करता बालबाप्तिस्म्याबद्दल साशंक झाले. सप्टेंबरमध्ये कोलकात्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या संस्थेने त्यांना पाठवले होते तिच्याशी नाते तुटले आणि ते ब्रह्मदेशाला गेले. त्यांचे सहकारी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट बालबाप्तिस्मा मानत राहिले, १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच मिशनचे.

भाषांतरातही हा वाद शिरला. १८३० च्या दशकात बॅप्टिस्टांनी बंगाली नव्या करारात ‘बाप्टिझो’साठी ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द योजला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने मदत नाकारली. मराठीतला ‘बाप्तिस्मा’ हा शब्द असा आहे, की पाणी किती आणि वय काय, हे त्यातून ठरत नाही. न भाषांतरलेला शब्द कधी कधी अधिक न्यायी असतो.

मेनोनाइट मिशनरी १८९९ च्या दुष्काळात धमतरीला आले. आज ते छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. जगातल्या मेनोनाइटांची मोठी संख्या असलेल्या देशांत आज भारताचे नाव येते.

आणि हा वाद मिटवण्याचा एक सुंदर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बालबाप्तिस्मा मानणारे अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रौढ बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्ट, ब्रेदरन हे सारे त्यात एकत्र आले. दोन्ही पद्धती मान्य, असे ठरले.

तरी घराघरांतला प्रश्न संपलेला नाही. गोव्यात कॅथलिक कुटुंबातले कोणी पेंटेकोस्टल पंथात गेले, की त्याला ‘बिलिव्हर’ म्हणतात. तिथे त्याचा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा होतो. मुलगा म्हणतो, हा माझा पहिला. आई म्हणते, तू महिन्याभराचा असताना मी तुला चर्चमध्ये नेले ते काय होते? दोघांनाही खरेच वाटत असते. अशा घराची बातमी लिहिताना ‘पुन्हा बाप्तिस्मा’ असे लिहिले, की आपण आईच्या बाजूने उभे राहतो. ‘पुन्हा’ गाळून ‘अखेर बाप्तिस्मा’ लिहिले, तर मुलाच्या.

मग शब्द कोणता वापरावा?

माझे मत असे, की बातमीत आणि पाठ्यपुस्तकात ‘प्रौढ बाप्तिस्मा’ किंवा ‘विश्वासाच्या कबुलीवरचा बाप्तिस्मा’ असे लिहावे. त्यात काय घडले ते सांगितले जाते, कितव्यांदा ते मोजणे ज्याचे त्याच्यावर राहते. ‘ॲनाबॅप्टिस्ट’ हे नाव आता रुळले आहे आणि त्या परंपरेतल्या अनेकांनी ते अभिमानाने स्वीकारलेही आहे. ते वापरायला हरकत नाही. पण सोळाव्या शतकाबद्दल लिहिताना हे विरोधकांनी दिलेले नाव होते, हे एका वाक्यात सांगायलाच हवे. ‘पुनर्बाप्तिस्मा’ हा शब्द कायद्याच्या कलमाबद्दल किंवा आरोपाबद्दल लिहिताना ठेवावा, कारण तिथे तो खरोखर वापरला गेला होता.

‘शब्दांचा कीस कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्यांनी जर्मन भाषेकडे पाहावे. तिथल्या अभ्यासकांनी ‘वीडरटॉयफर’मधला ‘वीडर’, म्हणजे ‘पुन्हा’, काढून टाकला आणि आता ते नुसते ‘टॉयफर’ लिहितात. किंवा आपल्याकडेच पाहावे. १९५६ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांसाठी आपल्या सरकारी योजनांत ‘नवबौद्ध’ हा शब्द दशकानुदशके चालत आला. त्यातला ‘नव’ अनेक बौद्धांना खटकतो. आम्ही बौद्ध आहोत, आमच्या मागे हे नवेपण किती पिढ्या लावणार, असा त्यांचा प्रश्न असतो. उपसर्ग लावणारा सहसा बाहेरचा असतो, आणि तो वागवावा लागतो आतल्याला.

संस्थांनाही हे उमगायला वेळ लागला. २००४ मध्ये झ्युरिकच्या सुधारित चर्चने या छळाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आणि लिमाटच्या काठावर मान्झ व इतर बुडवलेल्यांच्या स्मरणार्थ शिळा बसवली. २०१० मध्ये जागतिक लुथरन महासंघाने स्टुटगार्ट येथे मेनोनाइटांची माफी मागितली. या माफीनंतरही लुथरन बालबाप्तिस्मा मानतात आणि मेनोनाइट मानत नाहीत. मतभेद जागेवर आहे. फक्त आता एकाची मोजणी दुसऱ्यावर कायद्याने लादली जात नाही.